गावच्या सैनिक फलकावर हुद्दे कसे लिहायचे? (सातारा)

सज्जनगडपायथा

राम राम मंडळी.

आमच्या गावात चावडीशेजारी सैनिक फलक उभा राहतोय. काळा ग्रॅनाइट, त्यावर नावं कोरायची. वर्गणी जमली, दगड ठरला, अडलंय ते हुद्द्यांपाशी. घरोघरून नावं लिहून आणली तर यादीत निम्मे लोक ‘मेजर’ निघाले! सुट्टीवर आलेलं पोरगं एसटीतून उतरलं की पारावरची म्हातारी माणसं ‘काय मेजर, कधी आला?’ असंच विचारतात. बोलण्यात ते गोड वाटतं, पण दगडावर कोरल्यावर पुसता येत नाही.

शिवाय भानगडी बऱ्याच आहेत. एका घरानं ‘कॅप्टन’ लिहून दिलंय, त्यांना सगळा गाव सुभेदार म्हणून ओळखतो. एका घरचा मुलगा एअरफोर्समध्ये सार्जंट आहे, तो हवालदाराच्या वर लावायचा की खाली? दोघं अग्निवीर आहेत. एका आजोबांच्या फोटोत खांद्यावर एक स्टार दिसतो. घरचे म्हणतात लेफ्टनंट, कागदावर आहे ‘जमादार’. सगळ्यांत जुनी नावं पहिल्या महायुद्धातली, त्यांच्यापुढं ‘११७ मराठा’ असलं काहीतरी लिहिलंय.

माझं म्हणणं, मोठ्या हुद्द्यापासून खाली अशी यादी लावावी. सरपंच म्हणतात वस्तीप्रमाणे लावा, नाहीतर भांडणं होतील. जाणकारांनी मार्ग काढावा.

कोरेगावकर

एवढं काय त्यात? खांद्यावरचे स्टार मोजायचे. जास्त स्टार त्यो मोठा. झालं.

कासची_फुलं

@कोरेगावकर, मग तुमच्या हिशोबानं कॅप्टन हा कर्नलपेक्षा मोठा झाला. कॅप्टनला तीन स्टार असतात, कर्नलला दोनच. आणि टीव्हीवर लेफ्टनंट जनरलला ‘थ्री स्टार जनरल’ म्हणतात ते वेगळंच. मला हे कधीच कळलेलं नाही, कुणीतरी नीट सांगा.

पलटणवाला

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त. सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

फौजेत तीन मजले आहेत. खालचा मजला ओआर (अदर रँक्स, म्हणजे शिपाई ते हवालदार) लोकांचा, मधला जेसीओंचा (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर), वरचा अधिकाऱ्यांचा. चिन्हं बघताना आधी मजला ओळखायचा, स्टार मग मोजायचे.

खालच्या मजल्यावर खुणा दंडावर असतात. शिपायाच्या दंडावर काही नाही. लान्स नायकाला एक फीत, नायकाला दोन, हवालदाराला तीन. फौजेत कुणी ‘फीत लागली’ म्हटलं की समजायचं, बढती मिळाली. कंपनी हवालदार मेजर, कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार, रेजिमेंटल हवालदार मेजर हे वेगळे हुद्दे नाहीत. हवालदाराकडं दिलेली ती नेमणूक असते. तुमच्या यादीतले बरेचसे ‘मेजर’ तिथूनच आले असणार.

मधल्या मजल्यावर खूण खांद्यावर चढते. नायब सुभेदाराला एक स्टार, सुभेदाराला दोन, सुभेदार मेजरला अशोकस्तंभाचे सिंह. पण या तिघांच्याही खुणेखाली लाल-पिवळी आडवी पट्टी असते. पट्टी दिसली की माणूस जेसीओ. लांबून सुभेदार आणि लेफ्टनंट सारखेच दिसतात, दोघांनाही दोन स्टार. जवळ आल्यावर पट्टी सांगते कोण ते.

वरचा मजला. लेफ्टनंट दोन स्टार, कॅप्टन तीन. मेजर झाला की स्टार जातात आणि एकटा सिंह येतो. पुन्हा शून्यापासून मोजणी: सिंह आणि एक स्टार लेफ्टनंट कर्नल, सिंह आणि दोन स्टार कर्नल, सिंह आणि तीन स्टार ब्रिगेडियर. त्याच्या वर मेजर जनरल, तिथं एकमेकांवर आडवी ठेवलेली तलवार आणि बॅटन (आखूड दांडा) येते, वर एक स्टार. लेफ्टनंट जनरलला त्याच तलवार-बॅटनवर सिंह. जनरलला सिंह, स्टार आणि तलवार-बॅटन तिन्ही.

@कासची_फुलं ताई, ‘थ्री स्टार’ ही मोजणी खांद्यावरची नाही. ती कॉलरवरच्या लाल पट्टीची आणि गाडीवरच्या पाटीची. तिथं ब्रिगेडियर एक, मेजर जनरल दोन, लेफ्टनंट जनरल तीन, जनरल चार असा हिशोब. फील्ड मार्शलला पाच. लष्करात पाचवाले आजवर दोनच झाले, जानेवारी १९७३ मध्ये माणेकशॉ आणि १९८६ मध्ये करिअप्पा.

कासची_फुलं

काका, इतकं स्पष्ट आजवर कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद. म्हणजे पोलीस इन्स्पेक्टरचे तीन स्टार आणि कॅप्टनचे तीन स्टार...

पलटणवाला

त्याचा एकमेकांशी संबंध लावू नका. इन्स्पेक्टरच्या स्टारखाली लाल-निळी फीत असते. ते खातंच वेगळं.

कोरेगावकर

बरं मग सेकंड लेफ्टनंट? आमच्या मामांना एकच स्टार हुता, आन् ते ऑफिसर हुते. खरं सांगतोय.

पलटणवाला

खरंच आहे. पूर्वी अकादमीतून बाहेर पडणारा सेकंड लेफ्टनंट असायचा, एक स्टार. तो हुद्दा आता बंद झालाय, पोरं थेट लेफ्टनंट म्हणून बाहेर पडतात. म्हणून जुन्या फोटोतला एक स्टार बघून निवाडा करायचा नाही. सज्जनगडपायथा यांनी लिहिलेले आजोबा त्याच घोळात अडकलेत. डिस्चार्जचा कागद काढा आणि नंबर बघा. जेसीओचा नंबर ‘जेसी’नं सुरू होतो, कायम कमिशनवाल्या अधिकाऱ्याचा ‘आयसी’नं.

सज्जनगडपायथा

काका, कागद माझ्यासमोर आहे. १९५८ चा. नंबर ‘जेसी’नंच सुरू होतो आणि हुद्दा स्पष्ट ‘जमादार’. पण घरच्यांना हा शब्द दगडावर नकोय. नातू म्हणाला, लोक वाचून हसतील, झाडूवाला समजतील.

जुनेदप्तर

मी जुनी कागदपत्रं चाळणारा माणूस, म्हणून मध्ये बोलतो. जमादार हा मोठा मानाचा हुद्दा होता. १९६५ मध्ये त्याचं नाव नायब सुभेदार झालं, तोपर्यंत पायदळात आणि घोडदळात दोन्हीकडं जमादारच म्हणत. इंग्रजांच्या काळात जमादार, सुभेदार, सुभेदार मेजर यांना ‘व्हाइसरॉयज कमिशन्ड ऑफिसर’ म्हणत. म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली हिंदुस्थानी सैनिकांची तुकडी सांभाळणारे, सैनिकांची भाषा, घरदार, सणवार जाणणारे लोक. स्वातंत्र्यानंतर त्यांचेच जेसीओ झाले. १९५८ मध्ये निवृत्त झालेल्याला ‘नायब सुभेदार’ लिहिणं म्हणजे त्याच्या नोकरीच्या काळात नसलेला हुद्दा त्याच्या गळ्यात घालणं. आणि लेफ्टनंट लिहिणं तर सरळ खोटं.

‘जमादार (आताचे नायब सुभेदार)’ असं कोरा. कंसातली अक्षरं बारीक ठेवा. नातवाला म्हणावं, हसणाऱ्याला कंस दाखव.

आता ‘११७ मराठा’. हा बटालियनचा आकडा समजून ‘११७ मराठा बटालियन’ असं लिहू नका. पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या स्वतंत्र पलटणींना १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे क्रमांक होते. यांतल्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी मेसोपोटेमियात (आताचं इराक) कूतच्या वेढ्यात सापडल्या. १९२२ मध्ये या सहांची मिळून एक रेजिमेंट बांधली आणि ११७ क्रमांकाची पलटण पाचवी बटालियन झाली. तुमच्या दगडावर ‘११७ वी मराठा पलटण’ हेच शोभेल.

त्या महायुद्धात वारलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात. पुष्कळ नोंदींमध्ये बापाचं नाव आणि गावही असतं. इंग्रज कारकुनानं ऐकलं तसं लिहिलंय, म्हणून नाव चार प्रकारे फिरवून बघा. एका नोंदीत ‘सातारा’ दिसलं की पुढचं सापडतं.

मिलिटरीअपशिंगे_पाहुणा

आमच्या पाहुण्यांचं गाव अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात एकट्या त्या गावचे ४६ जण कामी आले, त्याची आठवण म्हणून इंग्रजांनी लावलेला दगड अजून आहे. फलक करण्याआधी एकदा तिथं जाऊन या. साताऱ्याहून लांब नाही.

माहुलीची_सून

माझा प्रश्न आमच्या घरचा आहे. मिस्टर नायक म्हणून निवृत्त झाले, पण पेन्शनच्या कागदावर एमएसीपी हवालदार असं काहीतरी आहे. फलकासाठी नाव द्यायचंय (दुसऱ्या गावात, पण असाच फलक होतोय). सासरे म्हणतात हवालदार लिहा, मिस्टर म्हणतात नायक. घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोलत नाही.

पलटणवाला

वहिनी, मिस्टरांचं बरोबर आहे. एमएसीपी म्हणजे ८, १६ आणि २४ वर्षांच्या नोकरीवर मिळणारी पगाराची वाढ. वरच्या हुद्द्याची जागा रिकामी नसते, म्हणून सरकार पगार वरचा देतं. दंडावरच्या फिती तेवढ्याच राहतात. पगार हवालदाराचा, फिती नायकाच्या. दगडावर फिती जातात, पगार जात नाही.

मात्र निवृत्तीच्या वेळी ऑनररी हवालदार असा हुद्दा मिळाला असेल तर गोष्ट वेगळी. तो डिस्चार्ज बुकात नोंदलेला असतो. असेल तर ‘ऑनररी हवालदार’ असं पूर्ण लिहा. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, त्यांचाही मान राहायला हवा.

सज्जनगडपायथा

हाच प्रश्न आमच्या ‘कॅप्टन’चा पण. म्हणजे ते ऑनररी कॅप्टन असू शकतील?

पलटणवाला

असणारच. चांगली नोकरी झालेल्या जेसीओंपैकी काहींना ऑनररी लेफ्टनंट आणि ऑनररी कॅप्टन करतात. त्याच्या याद्या २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला निघतात. नोकरीत असतानाच मिळालं तर खांद्यावर अधिकाऱ्याचे दोन किंवा तीन स्टार लागतात, पट्टी जाते. शिपाई म्हणून भरती झालेल्या माणसाला यापेक्षा मोठं काही नाही. माझ्या ओळखीच्या एका सुभेदार मेजर साहेबांना ते मिळालं तेव्हा त्यांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले होते.

बाणासिंगांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. १९८७ मध्ये सियाचीनवरची चौकी घेतली तेव्हा ते नायब सुभेदार होते, आज ऑनररी कॅप्टन आहेत. कारगिलचे योगेंद्रसिंह यादव १९९९ मध्ये ग्रेनेडियर होते, म्हणजे शिपायाच्याच पायरीवर. तेही पुढं ऑनररी कॅप्टन झाले. दोघंही परमवीरचक्रवाले. त्यांनाच ‘ऑनररी’ लावायची लाज वाटत नाही, तर आपल्या गावच्या कॅप्टनना कशाला वाटावी? उलट तो शब्द गाळला तर ते शिपायापासून चढत आले हे कुणाला कळणारच नाही.

कोरेगावकर

धोनी पण ऑनररी लेफ्टनंट कर्नल हाय की. त्याला पण शिपायापासून चढावं लागलं का? 😄

पलटणवाला

ते टेरिटोरियल आर्मीतलं मानद पद, प्रसिद्ध माणसांना देतात. दोन्हीला ‘ऑनररी’ म्हणतात एवढंच साम्य. क्रिकेटवर दुसरा धागा काढा.

निळीवर्दी

एअरफोर्सचा सार्जंट = लष्कराचा हवालदार. त्याच्या खालचा कॉर्पोरल = नायक. ज्युनिअर वॉरंट ऑफिसर, वॉरंट ऑफिसर, मास्टर वॉरंट ऑफिसर हे अनुक्रमे नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. नेव्हीत पेटी ऑफिसर हवालदाराच्या बरोबरीचा, चीफ पेटी ऑफिसर नायब सुभेदाराच्या. अधिकाऱ्यांत मात्र सांभाळा. नेव्हीचा कॅप्टन हा लष्कराच्या कर्नलच्या बरोबरीचा, आणि नेव्हीचा लेफ्टनंट लष्कराच्या कॅप्टनच्या. नुसतं ‘कॅप्टन’ लिहून दल लिहिलं नाही तर तीन पायऱ्यांचा फरक पडतो.

जाता जाता: नेव्हीच्या ॲडमिरल मंडळींच्या खांद्यावरची पट्टी आता बदललीये. सिंधुदुर्गात ४ डिसेंबर २०२३ च्या नौदल दिनाला घोषणा झाली. तिच्यावरचा अष्टकोन शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलाय. सातारकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

कासची_फुलं

लष्करातही ब्रिगेडियर आणि त्याच्या पुढच्यांचा गणवेश एकसारखा केला ना? वाचलं होतं कुठंतरी.

निळीवर्दी

हो, १ ऑगस्ट २०२३ पासून. आधी प्रत्येक रेजिमेंटची टोपी, बूट, पट्टा, खांद्यावरचे बिल्ले वेगळे. रायफल रेजिमेंटवाल्यांचे बिल्ले काळे, बाकीच्यांचे सोनेरी. ब्रिगेडियर झाल्यावर माणूस सगळ्या दलांच्या लोकांवर हुकूम चालवतो, तेव्हा त्याच्या अंगावर एकाच पलटणीची ओळख नको, असा विचार. कर्नल आणि त्याच्या खालच्यांना काही बदल नाही. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त साहेबांना मात्र हे अजिबात आवडलेलं नाही. ‘पलटणीची टोपी डोक्यावरून काढली तर राहिलं काय?’ असं ते आल्यागेल्याला विचारतात. मला दोन्ही बाजू पटतात.

जुनेदप्तर

आता मूळ वादाकडं. यादी हुद्द्यानं लावावी की नाही? माझं मत, लावू नये.

वर ज्या कॉमनवेल्थ कमिशनचा उल्लेख केला, त्यांच्या दफनभूमींत साहेबाचा आणि शिपायाचा दगड एकाच मापाचा असतो. हुद्दा कोरलेला असतो, पण हुद्द्यावरून दगड लहानमोठा होत नाही. आपल्या गावच्या फलकावर तेवढं तरी पाळा. वीरमरण आलेल्यांची नावं आधी, मृत्यूच्या तारखेप्रमाणे. मग बाकीचे, भरतीच्या वर्षाप्रमाणे. नावाआधी हुद्दा अचूक असू द्या, पण क्रम काळाचा.

सज्जनगडपायथा

मग कर्नल आणि शिपाई शेजारी येतील.

जुनेदप्तर

येऊ द्या की. गावात एकाच पारावर बसतात.

पलटणवाला

मला हे पूर्ण पटत नाही. हुद्दा माणसानं कमावलेला असतो, त्यामागं वीस-पंचवीस वर्षांची नोकरी असते, बायकामुलांपासून लांब काढलेली. सुभेदार मेजर पलटणीत एकच असतो. त्याचं नाव काल भरती झालेल्याच्या खाली येणार असेल तर मला ते खटकेल. पण भरतीच्या वर्षाप्रमाणे लावलं तर तसं होणार नाही, जुना माणूस आपोआप वर जाईल. म्हणून चालेल. वस्तीप्रमाणे मात्र नको. वस्ती म्हटली की भावकी येते, भावकी आली की फलक कोर्टात जातो.

माहुलीची_सून

😂 काका, हे आमच्या सासऱ्यांना वाचून दाखवलं. आता बोलायला लागलेत.

मिलिटरीअपशिंगे_पाहुणा

वीरमरण आलेल्यांचं कसं लिहायचं, त्याबद्दल एक. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. १७ नोव्हेंबर २०१५, कुपवाडा. ४१ राष्ट्रीय रायफल्सचे ते कमांडिंग ऑफिसर होते, मूळचे २१ पॅरा स्पेशल फोर्सेसचे. फ्लेक्सवर कुठं ‘सीओ’ लिहितात, कुठं ‘कमांडर’. कर्नल हा हुद्दा, कमांडिंग ऑफिसर ही नेमणूक. हुद्दा नावाआधी यावा आणि शौर्यचक्र नावानंतर. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक पुढं स्वतः प्रशिक्षण पूर्ण करून २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. एकाच घरात कर्नल आणि लेफ्टनंट, ही पण नोंद कुठल्यातरी दगडावर व्हावी असं मला फार वाटतं.

पलटणवाला

सहमत. आणि राष्ट्रीय रायफल्सवरून आठवलं, तिथं जवान आपापल्या रेजिमेंटमधून ठराविक काळासाठी जातात. ‘पलटण’ या रकान्यात मूळ रेजिमेंट लिहा. वीरमरण तिथं आलं असेल तरच दोन्ही लिहा.

शिपाई हा शब्दही सगळ्यांना सरसकट लावू नका. तोफखान्यात गनर, इंजिनिअर्समध्ये सॅपर, सिग्नलमध्ये सिग्नलमन, गार्ड्समध्ये गार्ड्समन, रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये सवार. रणगाडेवाल्यांचे पुढचे हुद्देही वेगळे. हवालदाराला दफेदार आणि सुभेदाराला रिसालदार म्हणतात, घोडदळाच्या काळापासून चालत आलेलं. गावात कुणी रिसालदार असतील तर त्यांना सुभेदार लिहून त्यांच्या शिव्या खाऊ नका.

सज्जनगडपायथा

अग्निवीरांचं राहिलं.

निळीवर्दी

‘अग्निवीर’च लिहा. २०२२ च्या योजनेत तो स्वतंत्र हुद्दा धरलाय, बाकीच्या कुठल्याही हुद्द्यापेक्षा वेगळा, आणि त्याचं चिन्हही वेगळं. चार वर्षांनंतर २५ टक्क्यांपर्यंत मुलं कायम होतात, ती पुढं चढतील.

कोरेगावकर

मग नोकरीत आसणाऱ्यांचा हुद्दा कोरूच नका की राव. आज नायक, उद्या हवालदार. दरवेळी दगड फोडणार का? नुसतं नाव, भरतीचं साल आन् पलटण. निवृत्त झाल्यावर हुद्दा कोरायचा, तेवढी जागा सोडा.

जुनेदप्तर

कोरेगावकर, या धाग्यातला सगळ्यांत कामाचा सल्ला तुमचा.

कोरेगावकर

आता स्टार मोजा माझे.

सज्जनगडपायथा

काल बैठक झाली. वीरमरण आलेले आधी, तारखेप्रमाणे. मग भरतीच्या वर्षाप्रमाणे. नोकरीत असलेल्यांची जागा कोरेगावकरांच्या सूचनेप्रमाणे मोकळी. जमादार आजोबांच्या नातवानं कंसासकट मान्य केलं, फक्त कंसातली अक्षरं बारीक नकोत म्हणाला, तेवढीच ठेवा. ठेवतोय. डिस्चार्ज बुक किंवा पीपीओची (पेन्शन पेमेंट ऑर्डर) झेरॉक्स दिल्याशिवाय हुद्दा कोरायचा नाही असंही ठरलं. दोन ‘मेजर’ त्याच वेळी उठून गेले.

एकच शंका: कोरणारा अक्षरावर पैसे घेतो. ‘सुभेदार मेजर’चं ‘सुभे. मे.’ केलं तर चालेल का? आणि ‘निवृत्त’ कुठं लिहायचं?

पलटणवाला

‘सुभे. मे.’ वाचून माणूस कुठल्या महिन्यात निवृत्त झाला असं वाटेल. पूर्ण लिहा, कमी पडले तर अक्षरांचे पैसे मी देतो. ‘निवृत्त’ नावानंतर कंसात. ‘सुभेदार (निवृत्त) अमुक’ असं नाही. नोकरीतून माणूस निवृत्त होतो, हुद्दा नाही. जे वारलेत त्यांच्यापुढं ‘निवृत्त’ लिहायची गरज नाही, तेवढी अक्षरं तिथं वाचतील.